जुन्या भिंतीला नवी भिंत जोडताना

घरात सून येणार असे ठरले की पहिली चर्चा दागिन्यांची किंवा वलीम्याच्या बेताची होत नाही, ती खोलीची होते. मुलगा आणि सून राहणार कुठे? शहापूरहून किन्हवलीकडे जाताना आमचे शेणवा लागते. इथली जुनी घरे लांबलचक, पण खोल्या मोजक्याच. पुढे पडवी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर. माजघरात रात्री पाच-सहा अंथरुणे पडतात. एरवी ते चालून जाते, घरात निकाह ठरला की चालत नाही.

सूरह नूरमध्ये फजरच्या नमाजीपूर्वी, दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आणि इशानंतर अशा तीन वेळा घरातल्या लहान मुलांनीही परवानगी घेऊनच आत यावे असा हुकूम आहे. परवानगी घ्यायची तर दार हवे, आणि दाराला भिंत हवी. दोरीवर पडदा टाकून वेळ मारून नेता येते, पण पडद्यातून आवाज जसाच्या तसा पलीकडे जातो. नव्या सुनेला तर तो पडदा फारच अवघड जातो. ती बोलून दाखवत नाही, एवढेच.

गेल्या हिवाळ्यात आम्ही माजघरात अशी एक भिंत घातली. विटांची नव्हे, जिप्सम बोर्डाची. भिंत उभी राहायला दोन दिवस लागले. तिला दोन्ही टोकांना जुन्या भिंतींशी जोडायला मात्र आठवडा गेला. शेजारपाजारचे लोक बघायला आले तेही भिंतीबद्दल कमी आणि त्या दोन कोपऱ्यांबद्दलच जास्त विचारत होते. "इथे तडा जाणार नाही ना?" हा प्रत्येकाचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. अशा भिंतींना पहिला तडा जातो तो नव्या-जुन्याच्या सांध्यातच, आणि बहुधा पहिल्याच पावसाळ्यात.

विटेची भिंत का घातली नाही, हेही अनेकांनी विचारले. शहापूर-मुरबाड भागात विटांना तोटा नाही. दिवाळी उलटली की ठिकठिकाणी भट्ट्या लागतात. पण चार इंची विटेची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत एका चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास भरते. दहा फूट लांब आणि दहा फूट उंच भिंतीचे वजन दोन टनांच्या वर जाते. जुन्या घरातल्या फरशीखाली पाया नसतो, मुरूम आणि माती असते. त्यावर दोन टन ठेवले की फरशी हळूहळू बसते, भिंत तिच्याबरोबर खाली जाते आणि जुन्या भिंतीपासून फाटते. पाया खणून घ्यायचा म्हटले तर अर्धे घर उकरावे लागते. तेवढ्याच लांबी-उंचीची जिप्सम बोर्डाची भिंत, आतल्या लोखंडी सांगाड्यासकट, सव्वादोनशे किलोच्या आत बसते.

शिवाय हलकी आडभिंत ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. आमच्या दादीजानच्या काळात माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यात कुड होता. कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, आडव्या कामट्यांना बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपायचे. तोही हलकाच, त्यालाही पाया नसे. कुडाचे टोक जुन्या भिंतीत खुपसत नसत, भिंतीलगत उभ्या केलेल्या लाकडी खांबाला बांधत. मधल्या फटीत शेणमाती भरत. उन्हाळ्यात ती फट पुन्हा उघडे, पण घरातल्या बायका सणासुदीला सगळे घर सारवत असल्याने ती दरवर्षी बुजली जाई. सांधा हलतो हे त्यांनी गृहीत धरलेले होते. आता एकदा पैसे दिले की तो सांधा कायमचा मिटला पाहिजे अशी आपली अपेक्षा असते, आणि तिथेच कारागिराशी वाद सुरू होतो.

बोर्ड म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. जिप्सम हे जमिनीतून निघणारे मऊ खनिज. आपल्या देशातल्या खाणींतले बहुतेक सगळे राजस्थानातून येते. ते भाजले की त्यातले पाणी उडते आणि पीओपीसारखी भुकटी उरते. भुकटीत पाणी घातले की पुन्हा दगडासारखे घट्ट होते. हेच मिश्रण दोन जाड कागदांच्या मध्ये पसरून केलेला तक्ता म्हणजे जिप्सम बोर्ड. अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेट यांनी १८९४ साली अशा थर दिलेल्या तक्त्याचे पेटंट घेतले. तक्ता नवा, पण माल फार जुना. ग्रॅनाडाच्या अल-हम्रा महालातल्या भिंतींवरचे जाळीदार कोरीवकाम याच जिप्समच्या गिलाव्यातले आहे. फारसीत त्याला गच म्हणतात. आपण ज्या गच्चीवर पापड वाळवतो तिचे नावही त्याच घराण्यातले.

या मालाचा वैरी एकच: पाणी. आणि आमचा तालुका तर पाण्याचाच. मुंबईची तहान भागवणारे तानसा आणि भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत, यावरून इथे पाऊस किती पडतो ते समजावे. जूनपासून चार महिने इथल्या जुन्या भिंती पाणी पितात आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात ते सोडतात. विटेची भिंत ओल येते-जाते तशी किंचित फुगते आणि आकसते. बोर्ड तसा वागत नाही, त्यामागचे लोखंड आणखी वेगळे. तीन वेगवेगळ्या स्वभावांची माणसे एका दारात उभी राहावीत तसा तो कोपरा असतो.

म्हणून बोर्ड आणण्याआधी जुनी भिंत तपासावी. आम्ही तीन गोष्टी पाहिल्या. पहिली, गिलावा. बोटाच्या पेराने ठोकत जायचे. जिथे पोकळ आवाज येतो तिथला गिलावा विटेपासून सुटलेला असतो, तो आधी काढून नवा करावा लागतो. सुटलेल्या गिलाव्याला नवी भिंत जोडली तर सांधा शाबूत राहतो आणि गिलावाच त्याच्याबरोबर निघून येतो. दुसरी गोष्ट, ओल. दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवायचा. काढल्यावर प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव दिसले तर पाणी भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला असेल तर ती हवेतली ओल, तिची एवढी भीती नाही. भिंतीच्या तळाला पांढरा खार फुटलेला असेल तर प्लॅस्टिकचीही गरज नाही, ओल जमिनीतून चढते आहे हे उघडच आहे. आधी तिचा बंदोबस्त. तिसरी गोष्ट, ओळंबा. वरून दोरी सोडून पाहिली तर आमची एक जुनी भिंत दहा फुटांत पाऊण इंच बाहेर झुकलेली निघाली. डोळ्यांना ते आजवर कधी जाणवले नव्हते. जुन्या घरांत हे चालायचेच, पण बोर्ड सरळ कापलेला असतो आणि सरळ कड वाकड्या भिंतीला लावली की वर फट पडते.

कामाचा हंगाम दिवाळीनंतरचा. मे महिना शेवटचा. पावसाळ्यात भिंतीतली ओलही कळत नाही आणि सांध्यात भरलेला मालही वाळत नाही.

आता प्रत्यक्ष काम. आमच्या भिंतीचे एक टोक भाजक्या विटेच्या, सिमेंटचा गिलावा असलेल्या भिंतीला येत होते. दुसरे टोक जुन्या कच्च्या विटांच्या, मातीने लिंपलेल्या भिंतीला. दोन्ही टोकांना एकच पद्धत चालणार नाही, हे कल्याणहून आलेल्या पीओपीवाल्याने पाहताक्षणी सांगितले. इथेच आम्हाला तो माणूस पसंत पडला.

आधी फरशीवर सुताची दोरी ताणून रेघ मारली आणि ओळंब्याने ती वर तुळईपर्यंत नेली. फरशीवर विटेचा एक थर सिमेंटमध्ये बसवून घेतला आणि लोखंडी चॅनल त्यावर ठोकला. हा एका विटेचा थर आमच्या मते सर्वांत स्वस्त विमा आहे. आपल्या घरांत फरशी पाण्याने धुतली जाते, वुजूचे पाणी सांडते, आणि बोर्डाची खालची कड एकदा भिजली की कागद सुटतो आणि आतले जिप्सम भुसभुशीत होते. विटेच्या थरावरही बोर्ड अर्धा इंच उचलूनच लावायचा.

वर छप्पर मंगलोरी कौलांचे. लाकडी तुळई वारा-पावसात थोडी हलते, पावसाळ्यात फुगते. म्हणून वरच्या चॅनलमध्ये उभे स्टड नुसते अडकवले, घट्ट पिळले नाहीत, आणि बोर्डाच्या वर अर्धा इंच जागा मोकळी सोडली. वर लाकडी पट्टी मारली की ती दिसत नाही. शहरातल्या स्लॅबच्या घरातही अशी थोडी जागा सोडलेली बरी, कारण स्लॅबही भाराने किंचित लवतो.

पक्क्या भिंतीच्या टोकाला पहिला स्टड थेट भिंतीवर बसवला. त्याच्या पाठीला फोमची पट्टी लावली, म्हणजे लोखंड आणि गिलावा यांच्यातल्या बारीक फटी बुजतात. दोन-दोन फुटांवर गिट्टी ठोकून स्क्रू मारले. भोक विटेत पडले पाहिजे, विटांमधल्या दर्जेत पडले तर गिट्टी फिरते. भोक पाडण्याआधी त्या भिंतीतून विजेची वायर कुठून गेली आहे ते पाहून मेन स्विच बंद करायला विसरू नये.

बोर्ड वाकड्या भिंतीला कसा जुळवायचा, हे पाहण्यासारखे होते. कारागिराने बोर्ड भिंतीजवळ ओळंब्यात उभा धरला, एक छोटा लाकडी ठोकळा भिंतीला टेकवला, त्याच्या दुसऱ्या बाजूला पेन्सिल लावली आणि ठोकळा वरून खाली भिंतीवर घासत नेला. भिंतीचा सगळा वाकडेपणा बोर्डावर रेघ होऊन उमटला. त्या रेघेवर कापल्यावर फट वरपासून खालपर्यंत एका सुताची राहिली. सुतारांनाही ही युक्ती चांगली ठाऊक असते, तेव्हा पीओपीवाला "फट पुट्टीने भरून टाकू" म्हणत असेल तर गावातल्या सुताराला बोलवावे.

मग सांधा. सांध्यालगतच्या जुन्या भिंतीवरचा चार इंच पट्टा खरवडून गिलाव्यापर्यंत नेला. चुन्याची सफेदी किंवा डिस्टेंपर यांवर कोणताही माल टिकत नाही, तो सफेदीला चिकटतो आणि सफेदी भिंतीपासून सुटते. खरवडलेल्या पट्ट्यावर प्रायमर मारला. फट जॉइंटिंग कंपाउंडने भरून एक दिवस वाळू दिली. दुसऱ्या दिवशी कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना कंपाउंडचा पातळ थर दिला आणि मधोमध दुमडलेली कागदी टेप त्यात बसवून पत्तीने आतला माल दाबून बाहेर काढला. टेपखाली हवा राहिली तर तिथे फुगा येतो. त्यावर आणखी दोन थर, प्रत्येक आधीच्यापेक्षा रुंद, मध्ये एकेक दिवस सोडून, आणि शेवटी पॉलिश पेपर. आमचा आठवडा गेला तो या वाळण्याच्या दिवसांत. घाई असलेला कारागीर हे तिन्ही थर एका दुपारी देतो. वरचा थर वाळतो, आतला ओला राहतो, मागाहून आकसतो आणि कोपऱ्यात केसासारखी भेग दिसते.

दुकानात जाळीची टेपही मिळते. ती चिकट असल्याने लावायला सोपी, म्हणून कारागिरांची आवडती. सपाट सांध्याला ती चालते, पण आतल्या कोपऱ्यात कागदीच बरी. ती ताणली जात नाही आणि घडी नीट बसते.

सांध्यात सिमेंट किंवा पांढऱ्या सिमेंटची पुट्टी भरू देऊ नये. आमच्या एका नातलगाकडे हेच झाले होते. सिमेंट कडक, ते हलणाऱ्या सांध्यात तडकतेच. शिवाय ओल असेल तर सिमेंट आणि जिप्सम यांची आपसांत रासायनिक क्रिया होऊन तिथला माल फुगतो आणि सुटतो. पुट्टी द्यायचीच असेल तर सांधा पूर्ण झाल्यावर, जिप्समला चालणारी.

मातीच्या भिंतीच्या टोकाला यातले काहीच उपयोगाचे नव्हते. मातीत गिट्टी धरत नाही, टेप चिकटत नाही, सीलंट मातीवरची धूळ धरतो, भिंत धरत नाही. तेव्हा शेवटचा स्टड भिंतीपासून एक इंच अलीकडे, खाली चॅनलला आणि वर तुळईवरच्या चॅनलला धरून स्वतंत्र उभा केला. तो दुहेरी केला, म्हणजे भिंतीच्या आधाराशिवाय ताठ राहतो. दादीजानच्या कुडालगतचा लाकडी खांब तो हाच. बोर्ड स्टडच्या पुढे नेऊन भिंतीपासून दोन सूत अलीकडे थांबवला आणि फटीत फोमची पट्टी दाबून बसवली. वरून दोन्ही बाजूंना सागाची अरुंद पट्टी, मातीच्या भिंतीच्या आकारात रंधून. ही पट्टी फक्त बोर्डाच्या बाजूने स्क्रूने धरली आहे, भिंतीला नुसती टेकते. पावसाळ्यात भिंत फुगली तरी पट्टी तिच्यावर सरकते, तडा जात नाही. बघणाऱ्याला ती दाराच्या चौकटीसारखी दिसते.

सिमेंटच्या पण फार जुन्या, ओल खाणाऱ्या भिंतीसाठी मधला मार्ग आहे. बोर्ड दोन सूत लांब ठेवायचा, फटीत आधी फोमची दोरी खुपसायची आणि वरून ॲक्रिलिक सीलंट भरायचा. दोरीमुळे सीलंट दोन कडांनाच चिकटतो, पाठीमागे चिकटत नाही, म्हणून रबरासारखा ताणला जातो. सिलिकॉनचा नको, त्यावर रंग बसत नाही. आमच्या हवेत कागदी टेपपेक्षा हाच सांधा जास्त टिकेल असे आम्हाला वाटते, पण त्याची बारीक खाच दिसत राहते आणि लग्नघराला ती खपत नाही.

कोपरा नसून एकाच रेषेत जोडायचे असेल, म्हणजे जुन्या भिंतीतले दार बंद करून तिथे बोर्ड बसवायचा असेल, तर आमचे स्पष्ट मत: तिथे बोर्ड नको. दोन्ही बाजूंना वीट असताना मध्ये वीटच घालावी. सपाट भिंतीवर मधोमध येणारा असा सांधा लपवणे मोठे अवघड. बोर्ड एक सूत आत घ्यावा लागतो आणि कंपाउंड दोन्हीकडे फूटभर पसरावे लागते. एवढे करूनही संध्याकाळी तिरपा उजेड पडला की रेघ दिसते.

नव्या खोलीचे दार जुन्या भिंतीला चिकटून ठेवू नये. दार आपटले की हादरा थेट सांध्याला बसतो. आम्ही ते दीड फूट अलीकडे घेतले आणि चौकटीच्या दोन्ही बाजूंच्या स्टडमध्ये लाकूड भरले.

बोर्ड बंद करण्याआधी आत दोन इंची रॉकवूल भरले. दोन्हींकडचे बोलणे दबते ते यामुळे. मात्र सांध्यात पेन्सिल जाईल एवढी फट राहिली तरी रॉकवूलचा खर्च बराचसा वाया जातो, आवाज त्या फटीतून वाट काढतो. एका बाजूला दिवा लावून दुसरीकडे अंधार करून पाहिले की कुठून उजेड येतो ते दिसते, आणि जिथून उजेड येतो तिथून आवाजही येतो. कुरआन शरीफ ठेवायची फळी, आरसा, कपाट जिथे टांगायचे असेल तिथे स्टडच्या मध्ये जाड प्लायवूडचा तुकडाही याच वेळी बसवून घ्यावा. नंतर नुसत्या बोर्डात मारलेला खिळा वजन पेलत नाही.

वाळवीचे काय, असे आमच्या खालांनी विचारले. लोखंडाला वाळवी लागत नाही, पण बोर्डावरचा कागद तिचे खाद्यच आहे. ती जुन्या मातीच्या भिंतीतून किंवा फरशीच्या भेगेतून येते, म्हणजे पुन्हा सांध्यातूनच. काम सुरू करण्यापूर्वी त्या दोन जागी वाळवीचे औषध मारून घेतले.

जुनी भिंत भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या घराशी सामाईक असेल तर ड्रिल चालवण्याआधी त्याला सांगावे. पलीकडच्या गिलाव्याला भेग पडली तर बोर्डाच्या किमतीपेक्षा मनस्ताप मोठा होतो.

दर बहुधा चौरस फुटावर ठरतो. त्यात दाराचे माप वजा होणार का, रॉकवूल धरले आहे का आणि जुन्या भिंतीशी सांधा, टेप आणि तीन थर त्याच दरात आहेत का, हे आधी विचारून कागदावर लिहून घ्यावे. तिसरा प्रश्न बरेच लोक विचारत नाहीत आणि कारागीर आपणहून सांगत नाहीत.

पहिला पावसाळा संपला की दोन्ही टोके दिवसाच्या उजेडात वरपासून खालपर्यंत पाहावीत. केसाएवढी भेग दिसली तर घाबरू नये आणि लगेच भरूही नये. नोव्हेंबरपर्यंत भिंत वाळू द्यावी, मग भेग टोकदार पत्तीने थोडी उघडून त्यात ॲक्रिलिक सीलंट भरावा आणि वरून रंग. त्यासाठी उरलेल्या रंगाचा डबा घट्ट झाकून ठेवावा आणि झाकणावर शेडचा नंबर लिहावा. दुकानदाराला "तोच बदामी" सांगून कधीच तोच बदामी मिळत नाही.